मोठे बाबूंचं जावक रजिस्टर

नेर परसोपंतात कुणाच्या पोराला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला की पेढ्यांचा पहिला डबा देवापुढे जातो आणि दुसरा मोठे बाबूंच्या ओसरीवर. देव काही विचारत नाही. मोठे बाबू पेढा तोंडात टाकतात, रुमालाला बोटं पुसतात आणि विचारतात, "सिलॅबसवर तासाचा कॉलम हाये का?"

पोरगा बापाकडे पाहतो, बाप पोराकडे.

"नसन, तं पेढे कायचे वाटून राह्यले, राजेहो?"

मोठे बाबू हे नाव नव्हे, हुद्दा आहे. कॉलेजच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कला आमच्याकडे मोठे बाबू म्हणतात, आणि माणूस रिटायर झाला तरी हुद्दा रिटायर होत नाही. कोणत्या कॉलेजचे, ते विचारू नका. अमरावती-यवतमाळ रस्त्यावर जिथं जिथं यष्टी दोन मिनिटांहून जास्त थांबते, तिथल्या प्रत्येक कॉलेजात एक मोठे बाबू होऊन गेलेले आहेत. आमचे अंगाने किडकिडीत, चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात तीन पेनं. निळं लिहायला, काळं फॉर्म भरायला आणि हिरवं दुसऱ्यासाठी. हिरव्या शाईने सही करायचा मान रिवाजाने राजपत्रित अधिकाऱ्याचा. तो मोठे बाबूंना उभ्या जन्मात मिळाला नाही. पण ऐन सहीच्या वेळी साहेबाकडे पेन नसतं आणि साहेब म्हणतात "उद्या या", हा त्यांचा अनुभव. तो उद्या टाळण्यासाठी ते हिरवं पेन बाळगतात.

परदेशात शिकायला जाणं म्हणजे विमान, बर्फ आणि ओठांचा चंबू करून काढलेला फोटो, असं पोरांना वाटतं. मोठे बाबूंच्या लेखी ती साधी बदली आहे. माणूस इथून तिथं जाणार, तर त्याने इथं जे केलं त्याची नोंद सोबत गेली पाहिजे आणि तिथल्या बाबूने ती मान्य केली पाहिजे. ट्रान्सक्रिप्टला ते सर्व्हिस बुक म्हणतात. बर्लिन असो की बोस्टन, समोर खिडकीच असणार, खिडकीमागे माणूसच असणार आणि त्या माणसाला कागदच लागणार, यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे. ते स्वतः नागपूरच्या पुढे फारसे गेलेले नाहीत. पण कागदांच्या बाबतीत त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो.

त्यांच्याकडे एक रजिस्टर आहे, लाल कापडी बांधणीचं, आवक-जावकचं. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक. त्यात टपाल नाही, पोरं नोंदलेली आहेत. जावक क्रमांक, तारीख, विषय, कुठे रवाना, सोबत किती कागद जोडले. 'सोबत: सहपत्रे १७.' पोरगं शिकून कायमचं परत आलं की डाव्या पानावर नोंद होते. उजवी पानं भरत आली आहेत, डावी बरीचशी कोरी. याबद्दल ते काही बोलत नाहीत. रकाना कोरा राहिल्याचं दुःख मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. ते बापाच्या मायेपोटी की क्लार्कच्या सवयीपोटी, हे त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंनाही सांगता येणार नाही.

क्रेडिटची ही सगळी भानगड कुठून निघाली, हे त्यांना कुणा प्राध्यापकाने सांगितलं त्या दिवशी ते फार खूष होते. अमेरिकेत पोलादात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीने १९०५ मध्ये कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर काढून दिले. आता पेन्शन द्यायची तर कॉलेज कशाला म्हणायचं ते ठरवणं आलं. त्यासाठी कॉलेजात येणारं पोरगं शाळेत किती शिकलेलं हवं ते ठरवणं आलं. आणि किती शिकलं ते मोजायला घड्याळाशिवाय दुसरं साधन कुणाला सापडेना. शाळेत एका विषयाचे वर्षाला १२० तास भरले की एक एकक, असं १९०६ च्या सुमारास ठरलं आणि कॉलेजांतले क्रेडिट-तास त्यातूनच रुजले.

"म्हंजे हे सारं पेन्शनपायी झालं!" मोठे बाबूंनी मांडीवर थाप मारली. त्यांची स्वतःची पेन्शन केस एका न भरलेल्या रकान्यापायी कित्येक महिने लोंबकळली होती. ज्ञान मोजायची जगभरची पद्धत पेन्शनच्या फायलीतून जन्मली, हे कळल्यापासून विद्येबद्दलचा त्यांचा आदर दुप्पट झाला.

मापाचा घोळ मात्र तिथंच सुरू होतो, आणि मोठे बाबूंची ओसरी खरी रंगते ती इथं. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने घरचा अभ्यास वगैरे सगळं धरून वर्षाचे १२०० तास मानले आणि त्याचे ४० क्रेडिट केले. युरोपात वर्षाचे ६०, एकेक २५ ते ३० तासांचं. इंग्लंडात तेवढ्याच वर्षाचे १२०. अमेरिकेत चार वर्षांचे मिळून १२०, म्हणजे वर्षाला ३०. नेरच्या पोराने होस्टेलच्या खाटेवर ढेकूण मारत काढलेलं एक वर्ष अमरावतीत ४० भरतं, बर्लिनमध्ये ६०, लीड्समध्ये १२० आणि ॲरिझोनात ३०. वर्ष तेच, ढेकूणही तेच.

शिकलेली माणसं हे ऐकून गोंधळतात. शेतकरी बाप गोंधळत नाही. घरी मोजून गाडीत भरलेला कापूस जिनिंगच्या काट्यावर गेला की कमी भरतो आणि वर ओलाव्याची कटती लागते, हे तो जन्मभर पाहत आलाय. तो शांतपणे विचारतो, "कटती किती लावतेत?"

"हां," मोठे बाबू म्हणतात, "हा मुद्द्याचा सवाल."

कटती लागतेच. समजा पोराने 'गणित तीन' नावाचा पेपर दिला. चार क्रेडिट, वर्गात ६० तास. घरचा अभ्यास धरून तास मोजले तर युरोपातही साधारण चारच भरतात. वर्षाच्या हिशोबाने मोजले तर ४० चे ६०, म्हणजे चाराचे सहा झाले पाहिजेत. कोणतं माप लावायचं ते पोराने नाही, तिकडच्या परीक्षा समितीने ठरवायचं. आणि ती क्रेडिटच्या आकड्याआधी आत काय शिकवलं ते पाहते. नाव 'गणित तीन' आहे, पण लाप्लास आहे का? फूरिये आहे का? कोणतं पुस्तक? लेखी किती, तोंडी किती? तिकडे प्रत्येक विषयाची अशी माहिती छापलेली असते, मॉड्यूल हँडबुक म्हणतात त्याला. आपल्याकडे असते ती सिलॅबसची झेरॉक्स, जिचा शेवटचा कॉलम मशीनने खाल्लेला. त्या खाल्लेल्या कॉलमातच तास असतात. मोठे बाबूंचा पेढा खातानाचा प्रश्न आता तुमच्या ध्यानात आला असेल.

जर्मनीवर त्यांचं विशेष प्रेम आहे, कारण जर्मनी कागद मागते. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जाणाऱ्या पोरांना दिल्लीच्या एपीएस कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमच्या पदव्या खऱ्या आहेत हे आधी तपासून घ्यायचं आणि मग व्हिसाचं पाहायचं. ही बातमी वाचून गावातली पोरं हिरमुसली. मोठे बाबू म्हणाले, "देश शिस्तीचा हाये." त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात १५ जुलैला लाल गोल आहे. हिवाळी सत्राच्या अर्जांची बहुतेक ठिकाणी ती शेवटची तारीख. काकू तो गोल पाहून दरवर्षी विचारतात, आज उपास आहे का.

याच देशाने एका माउलीला रडवलं. म्युनिकहून पोराने पहिल्या सेमिस्टरचा निकाल फोनवर सांगितला: १.७. आईने फोन ठेवला आणि देवघरात जाऊन बसली. पोरगा नेरात पंचाहत्तरच्या खाली कधी उतरला नव्हता. तिकडच्या थंडीने झालं, मित्र वाईट लागले, कुणाची दृष्ट लागली, अशी घरात तीन मतं पडली. मोठे बाबूंना बोलावणं गेलं. त्यांनी चप्पल दाराशी काढता काढताच निकाल फिरवला.

"वहिनी, तिथं एक म्हंजे सगळ्यात वर. चार म्हंजे कसाबसा पास. पाच म्हंजे नापास. पोरगा एकाच्या बाजूले बसला हाये तुमचा, अन् तुमी रडता?"

"मंग त्यानं तसं सांगाव न," आई म्हणाली. चहात साखर मात्र तिने दुप्पट घातली.

आपले गुण जर्मन मापात बसवायचं सूत्र मोठे बाबूंना पाठ आहे. जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला, जास्तीत जास्तातून पास व्हायला लागणारे वजा करून जे येईल त्याने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. दहापैकी सात असतील आणि चाराला पास असेल तर येतात अडीच. हे सूत्र बव्हेरियाच्या नावाने ओळखलं जातं. यातला धोक्याचा आकडा पास व्हायला लागणाऱ्या गुणांचा. तो गुणपत्रिकेवर छापलेला नसेल तर तिकडचा माणूस आपल्या मनाने धरतो आणि पोराचे गुण बसल्या जागी घसरतात. म्हणून मोठे बाबू सांगतात, किमान उत्तीर्ण गुणांचा दाखला वेगळा घ्या, लेटरहेडवर, तारखेसकट, जावक क्रमांकासकट. जावक क्रमांक नसलेल्या कागदाला ते कागद म्हणतच नाहीत.

नावांचं प्रकरण तर न संपणारं. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग पोराचं नाव, मग बापाचं, आणि आईचं वेगळ्या ओळीत. आधारवर पोराचं नाव आधी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कधी भरलेला, कधी मोकळा. तिकडचा संगणक शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो, म्हणून पोराला तिकडे सगळे त्याच्या बापाच्या नावाने हाक मारतात. एका पोराला प्राध्यापक सहा महिने मिस्टर पांडुरंग म्हणत होते. गावी कळलं तेव्हा वडील म्हणाले, "काई वाईट नाई. एवढ्या मोठ्या कॉलेजात माह्यं नाव घेतेत."

विद्यापीठाच्या नावाचंही तसंच. मोठे बाबूंची स्वतःची पदवी नागपूर विद्यापीठाची, कारण अमरावतीचं विद्यापीठ निघालं १९८३ साली. पुढे नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव लागलं, अमरावतीला संत गाडगे बाबांचं. आता एकाच घरातल्या बापाच्या, थोरल्याच्या आणि धाकट्याच्या पदवीवर वेगवेगळी नावं. परदेशातल्या एका बाईंनी धाकट्याला ई-मेलवर विचारलं, आपलं विद्यापीठ धर्मशिक्षणाचं आहे का? उत्तर मोठे बाबूंनी सांगितलं आणि पोराने इंग्रजीत घातलं: नाही, ज्यांनी आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावं झाडली आणि धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः शाळेत गेले नाहीत, अशा माणसाचं हे नाव आहे. बाईंचं उत्तर आलं, 'धन्यवाद, फाइल पूर्ण झाली.' त्या ई-मेलची प्रिंट रजिस्टरात चिकटवलेली आहे.

ई-मेलच्या मजकुराची सुरुवात मोठे बाबू सांगतील तशीच व्हावी लागते. 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन.' मग 'युवर गुडसेल्फ'. मग विनंती, मग पुन्हा विनंती, मग आगाऊ आभार. तिकडून उत्तर येतं, 'हाय, फाइल मिळाली, चीअर्स.' मोठे बाबू तो ई-मेल चष्मा सावरून दोनदा वाचतात. "अधिकारी हाये का कोनाचा जावई?"

पण त्यांची खरी कला पाहायची तर बंद लिफाफ्याच्या वेळी पाहावी. आता बऱ्याच संस्था विद्यापीठाकडून थेट ई-मेलवर ट्रान्सक्रिप्ट घेतात. तरी अजूनही कुठं कुठं सीलबंद लिफाफा लागतो, आणि लागला नाही तर मोठे बाबूंना चुकचुकल्यासारखं होतं. गोंद ते घरून नेतात. लिफाफ्याची पट्टी आधी कोरडीच दुमडून पाहायची, रेघ सरळ आली पाहिजे. मग गोंद कडेला बारीक, मध्ये अजिबात नाही, नाहीतर आतला कागद चिकटतो. पट्टी दाबून अंगठा डावीकडून उजवीकडे. मग साहेबांची सही अशी की निम्मी पट्टीवर, निम्मी लिफाफ्यावर. त्यावर गोल शिक्का, तोही निम्मा-निम्मा. शाई वाळेपर्यंत फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. वाळल्यावर वरून पारदर्शक टेप. हे सगळं होईपर्यंत त्या खोलीत कुणी बोललं तर त्यांना चालत नाही. साहेबसुद्धा बोलत नाहीत.

असा एक लिफाफा यवतमाळहून आलेल्या मावशीने दुपारी फोडला. पोरगा आंघोळीला गेला होता. "आत काय हाये पाहाव म्हटलं," मावशी म्हणाली, "आपल्याच पोराचे मार्क तं हायेत." मोठे बाबूंना कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी मार्क पाह्यले. आता ते मार्क राह्यले नाईत." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते पोराला घेऊन पुन्हा अमरावतीला गेले. घरच्यांनी पहिल्यांदा दिलेले पेढे त्यांनी खाल्ले होते, म्हणून या फेरीचं तिकीट त्यांनी स्वतः काढलं. हिशोबाला ते पक्के आहेत.

अमेरिकेबद्दल त्यांचं मत तितकं चांगलं नाही. तिथं क्रेडिट येतं, पण गुण येत नाहीत. एक मुलगी दुसऱ्या वर्षानंतर तिकडे गेली. इथं वर्गात पहिली, गावात फ्लेक्स लागलेला. तिकडच्या विद्यापीठाने तिचे बरेच पेपर घेतले आणि प्रत्येकापुढे नुसता 'टी' टाकला, ट्रान्सफरचा. पंच्याऐंशीचाही टी, बावन्नचाही टी. नवी सरासरी तिथल्या पहिल्या पेपरापासून. काही पेपरांना तिकडे जोडच सापडली नाही. ते 'ऐच्छिक' या अडगळीच्या खोलीत गेले, संख्येत धरले पण पदवीच्या कामाचे नाहीत. वर अट अशी की पदवी आमची हवी तर अमुक एवढी क्रेडिट आमच्याकडेच कमवा. मुलीचे आजोबा म्हणाले, फ्लेक्सचे पैसे पाण्यात गेले.

पण त्याच विद्यापीठात पदवीसाठी एक परकी भाषा शिकायची अट होती. मुलीने बारावीपर्यंत मराठी घेतली होती. मराठी ही तिकडच्यांना परकीच. दाखला गेला, अट माफ झाली, एक अख्खा कोर्स वाचला. शाळेत असताना 'मराठी घेऊन काय करशील' म्हणणारे काका त्या आठवड्यात कुणाला भेटले नाहीत. मोठे बाबू मुद्दाम त्यांच्या घरावरून दोनदा गेले.

२०२१ च्या जुलैत सरकारने शैक्षणिक क्रेडिट बँक काढली तेव्हा ओसरीवर गर्दी झाली, कारण गावात पसरलं होतं की पोरांसाठी नवी बँक निघाली. बारा अंकी खाते क्रमांक, डिजीलॉकरमधून उघडायचं, शिकलेली क्रेडिट त्यात जमा, एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना सोबत नेता येतील, मध्येच शिक्षण सोडलं तरी ४० ला प्रमाणपत्र, ८० ला पदविका. एका शेतकऱ्याने विचारलं, व्याज किती? दुसऱ्याने विचारलं, कर्जमाफीत बसते का?

"व्याज नाई," मोठे बाबू म्हणाले. "उलट सात वर्षं झाले का मुद्दलच जाते."

"हे तं सोसायटीपेक्षा बेकार झालं."

सात वर्षांची मुदत थोडी की फार, यावर मोठे बाबू बाबासाहेबांचा दाखला देतात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून बाबासाहेबांना परत यावं लागलं. लंडन विद्यापीठाने त्यांना त्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते परत गेले. पुढच्या वर्षी एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. १९१७ ला परत येताना त्यांचं सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं, ती बोट टॉर्पेडोने बुडाली, पुस्तकं गेली.

"पुस्तकं बुडाली, परवानगी नाई बुडाली," मोठे बाबू सांगतात, आणि पोराच्या बॅगेतून प्लास्टिकची फाइल काढून त्याच्या हातात देतात. "सामानात कपडे टाकाचे. कागद आंगावर ठेवाचे." राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या पोरांना ते हे हमखास ऐकवतात. विमानात पोटाशी फाइल धरून बसलेलं पोरगं दिसलं तर समजावं, हे नेरचं असणार.

हे सगळं ते फुकट करतात. नागपूर-पुण्याचे कन्सल्टंट ज्याला पॅकेज म्हणतात ते त्यांच्याकडे चहावर मिळतं. फुकट म्हणजे अगदी फुकट नव्हे. निरोपाच्या वेळी बसस्टँडवरच्या फोटोत ते मधोमध उभे असतात, आणि निघण्याआधी पोराने चारचौघांत म्हणावं लागतं की मोठे बाबू नसते तर जमलं नसतं. एक पोरगं म्हणायचं विसरलं. रजिस्टरात त्याच्या नावापुढे शेरा आहे: 'गेले.' बाकीच्यांपुढे आहे, 'रवाना झाले.'

काकूंना या उद्योगाचं मूळ ठाऊक आहे आणि त्या ते लपवत नाहीत. मोठे बाबूंच्या एकुलत्या मुलाने बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी इंजिनिअरिंगची दोन वर्षं केली. घरच्या अडचणीने जवळच्या दुसऱ्या विद्यापीठात यायचं होतं. तिथल्या खिडकीवर सांगितलं, विषय जुळत नाहीत, पहिल्या वर्षापासून बसा. परदेश नव्हता, दुसरा जिल्हासुद्धा धड नव्हता. बाप कॉलेजात हेडक्लार्क, पण खिडकीच्या या बाजूला आल्यावर त्यांना एक कागद जुळवता आला नाही. मुलाने पुस्तकं बांधली आणि कृषी केंद्र टाकलं. आता तो बियाणं-खतं विकतो, घरात सगळ्यात जास्त कमावतो आणि बापाच्या रजिस्टराला हसतो. काकू म्हणतात, "साऱ्या गावाचे जुळवते, घरचे नाई जुळले." हे त्या मोठे बाबूंच्या देखतच म्हणतात. ते पेनाचं टोपण लावतात, पुन्हा काढतात.

हरल्याचं ते एकदाच कबूल करतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं आणि युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकणारी हजारो भारतीय पोरं परत आली, त्यांत विदर्भातलीही होती. वैद्यकीय शिक्षणाचा आपला नियम असा की परदेशात शिकायचं तर सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेत पुरा करायचा. तिथली तीन वर्षं इथल्या कॉलेजात जमा होत नाहीत. एक पोरगं फाइल घेऊन ओसरीवर आलं. गुणपत्रिका नीट, शिक्के नीट, तास नीट, भाषांतर नोटरी केलेलं. मोठे बाबूंनी दिवे लागेपर्यंत एकेक कागद पाहिला. एकही खोट निघेना, आणि त्यामुळेच ते हताश झाले. खोट असती तर दुरुस्त केली असती. पुढे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वैद्यकीय आयोगाने तात्पुरतं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाऊन शिकायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पदवी मूळच्या युक्रेनी विद्यापीठाचीच. पोरगं पुन्हा निघालं. जावक क्रमांक नवा द्यायचा की जुन्याखालीच लिहायचं, यावर मोठे बाबूंनी दोन दिवस विचार केला. शेवटी जुन्याच क्रमांकाला 'अ' जोडला.

परत येणाऱ्यांचे कागद जुळवायचं काम पूर्वी दिल्लीच्या विश्वविद्यालय संघाकडे असायचं. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम आणले, ते मोठे बाबूंनी झेरॉक्स काढून पंच केलेत. डाव्या पानांची सोय झाली म्हणतात. पानं अजून वाट पाहतायत.

त्यांची खरी इस्टेट मात्र माळ्यावर आहे. मुलाच्या दुकानातल्या रिकाम्या खताच्या पोत्यांत त्यांनी जुने अभ्यासक्रम भरून ठेवलेत. वार्षिक परीक्षेच्या काळातले, सेमिस्टर आलं तेव्हाचे, क्रेडिट आलं तेव्हाचे, नवं शैक्षणिक धोरण लागू झालं तेव्हाचे. कारण परदेशातला माणूस विचारतो ते तुम्ही शिकलात त्या वर्षी काय शिकवत होते ते, आणि नवा अभ्यासक्रम आला की जुना कुठे जातो हे कुणालाच सांगता येत नाही. कॅनडात नोकरीला लागलेल्या एका बाईंना पंधरा वर्षांपूर्वीचा रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम हवा होता. सगळीकडे शोधून झालं. शेवटी तो नेरमध्ये युरियाच्या पोत्यात सापडला, उंदराने एक कोपरा खाल्लेला, पण तासांचा कॉलम शाबूत.

तेव्हा कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना एक विनंती. नवा अभ्यासक्रम टाकताना संकेतस्थळावरून जुना काढू नका. वर्ष लिहा, तास लिहा, क्रेडिट लिहा, पास व्हायला किती लागतात ते लिहा, आणि राहू द्या. मोठे बाबूंचे गुडघे गेलेत. माळ्यावर चढायला काकू आता शिडी धरत नाहीत.